पिस्तुलाच्या मुठीची कडी

प्रत्येक पिस्तुलाच्या मुठीखाली एक बारीकशी कडी होती. माझी नजर तिथेच अडकली. डोंगरांत दडलेल्या एका लहानशा देशाचं ते लष्करी संग्रहालय. काचेच्या कपाटात त्यांच्या फौजेची जुनी पिस्तुलं मांडलेली, आणि त्यांतलं एकही तिथे बनलेलं नाही. त्या त्या वेळी ज्या मोठ्या देशाशी जमत होतं, त्याच्याकडून ती घेतलेली. गोळ्याही त्याच्याकडूनच यायच्या. दोस्ती बिघडली की गोळ्या बंद. लहान असणं म्हणजे बहुधा हेच. पिस्तूल आपल्या हातात, पण ते चालणार की नाही हे ठरवणार दुसराच.

तिथला राखणदार निवृत्त सुभेदार होता. कडी कशासाठी, असं मी त्याला हिंदीत विचारलं.

"दोरीसाठी," तो म्हणाला. "एक टोक कडीला, दुसरं आमच्या गळ्यात. परदेशी माल, हरवला तर पुन्हा कुठून आणणार? झोपतानाही दोरी काढायची नाही."

"आणि माणूस हरवला तर?"

"माणसं इथलीच होती, साहेब."

बंद करायची वेळ झाली. दाराचं खालचं कुलूप लावायला तो वाकला, आणि वाकताना त्याचा डावा हात आपसूक छातीवर गेला, लोंबणारी दोरी आवरावी तसा. गळ्यात काहीच नव्हतं. पिस्तूल कधीच कपाटात जमा झालं होतं. त्याचा गळा मात्र अजून सुटला नव्हता.