लॉरीतून पडल्याची नोंद

पालथ्या पडलेल्या माणसाचा सगळ्यात उंच भाग कोणता, हे मला ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. ते एकाहत्तरच्या लढाईत शत्रूच्या तोफगोळ्याने शिकवलं. हुकूम झाला तसा मी जमिनीला नाक लावून आडवा झालो होतो. डोकं खाली, छाती खाली, हात खाली. वर राहिलं होतं ते एकच. गोळा बराच लांब फुटला, पण त्याच्या एका कपचीला नेमकी तीच जागा सापडली.

छातीवर घाव झेलणाऱ्यांचे पोवाडे होतात. मला महिनाभर नीट बसता येत नव्हतं, तर पोवाडा ऐकायला तरी कुठे बसणार!

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलचा कारकून कागदांचा गठ्ठा घेऊन खाटेजवळ आला. घरी काय कळवायचं, विचारू लागला. घरी आई एकटी. वडील मी पाळण्यात असतानाच गेलेले, आणि मी एकुलता एक. आमच्या गावात तेव्हा तार आली की ती वाचायच्या आधीच बायका रडायला लागायच्या. मी कारकुनाला हात जोडले. म्हटलं, "साहेब, लॉरीतून पडलो असं लिहा. आणि तार नको, साधं कार्ड टाका." तो बिचारा दोन रात्री झोपला नसावा. त्याने घरच्या कार्डावरही तेच लिहिलं आणि सरकारी कागदावरही तेच लिहिलं. पुढे मी रजेचे, बदलीचे, बुटांचे पुष्कळ अर्ज केले, पण इतक्या झटपट मंजूर झालेला दुसरा अर्ज मला आठवत नाही.

हे सगळं आईसाठी केलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते निम्मं खरं. उरलेलं निम्मं असं, की गावात पहिला प्रश्न येणार, "कुठं लागलं?" आणि त्याचं उत्तर ऐकल्यावर दुसरा येणार, "पळत हुता का?" त्यापेक्षा लॉरी बरी.

दोन महिन्यांनी लंगडत घरी आलो. गावाने पोटभर हसून घेतलं. आई मात्र हसली नाही. तिचा हिशेब सरळ होता. बाकीची पोरं लढाईत गेली, आपला लॉरीतून पडला म्हणून मागे राहिला आणि वाचला. म्हणजे वाचवलं कोणी? लॉरीने. तेव्हापासून मिलिट्रीची गाडी दिसली की आई हात जोडायची, आणि नगर जिल्ह्यात मिलिट्रीच्या गाड्यांना काय तोटा! एकदा घोडेगावच्या बाजाराला गेलो असताना पंक्चर झालेली एक गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. आईने दुकानातून कुंकवाची पुडी घेतली आणि बॉनेटला कुंकू लावलं. तो उत्तरेकडचा ड्रायव्हर, त्याला वाटलं इकडची रीत असेल. तोही हात जोडून उभा राहिला. मी पिशवी धरून बैलांच्या किमती विचारत लांब सरकलो.

खरं काय ते फक्त बायकोला माहीत होतं. तिच्यापासून ती जागा किती दिवस लपवणार? ती अधूनमधून म्हणायची, "आत्याबाईंना एकदा सांगून टाका." मी म्हणायचो, "सांगू की." असं म्हणता म्हणता मी रिटायर झालो, साखर कारखान्यावर वॉचमन झालो, मिशा पांढऱ्या झाल्या.

मग नव्वदनंतरची एक सव्वीस जानेवारी आली. शाळेत झेंडावंदनाला आम्हा माजी सैनिकांना बोलावलं होतं. हेडमास्तर भाषणात रंगले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "यांनी तर लढाईत लॉरीतून पडूनसुद्धा देशसेवा सोडली नाही!" आधी पोरं हसली, मग गुरुजी, मग सरपंच. मीही हसलो, दुसरं काय करणार? पण माझ्या शेजारी पलीकडच्या गावचा एक फौजी उभा होता, आणि त्याच्या छातीवर लढाईत जखमी झालेल्यांना मिळतं ते पदक होतं. त्याची जखम मला ठाऊक होती. कोपराला! घरी येईपर्यंत मला तो कोपरच दिसत होता. कोपराला पदक, आणि आपल्या वाट्याला पोरांचं हसू. पन्नाशीला आलेल्या माणसाला शोभणार नाही इतका मी त्या कोपरावर जळलो, आणि दुसऱ्या दिवशी नगरची एस.टी. पकडली.

सैनिक कल्याण कार्यालयातल्या कारकुनाने माझं डिस्चार्ज बुक उघडलं.

"इथे तर वाहनातून पडून इजा असं आहे."

"ते चुकीचं आहे."

"लिहिलं कोणी?"

"कारकुनाने."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मी वर पंख्याकडे पाहिलं. त्याला काय समजायचं ते समजलं. म्हणाला, नोंद दुरुस्त होऊ शकते, पण पुरावा लागेल. अर्ज, एक्स-रे, माझा जबाब, आणि जखम घेऊन घरी आलो तेव्हा घरात असलेल्या माणसाचा जबाब. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. घरात आईच होती.

एक्स-रे श्रीरामपूरला काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "अजून लोखंड आहे की आत!" मी इतका खूश झालो की ते माझ्याकडे संशयाने बघायला लागले. परतताना एस.टी.त ते मोठं पाकीट मांडीवर मावेना. शेजाऱ्याने विचारलं, कसलं आहे? मी खिडकीशी धरून दाखवलं.

"ही कंबर व्हय? आन् ह्ये पांढरं?"

"ते पाकिस्तानचं हाय."

मग काय, माझी कंबर या सीटवरून त्या सीटवर करत ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत जाऊन आली. कंडक्टरने तिकिटं फाडायची थांबवून पाहिली. एक म्हातारबाबा उठून मला जागा देऊ लागले. अनोळखी पन्नास माणसांना मी माझी खरी गोष्ट मजेत सांगितली. घरी आल्यावर आईने विचारलं, "कुठं गेल्तास रं?" मी म्हणालो, "कारखान्याचं काम हुतं."

अर्ज गेला. पुढे नोंद दुरुस्त झाली, पदकही आलं. हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. मला सांगायचं आहे ते जबाबाच्या दुपारचं.

कार्यालयातून जबाब घ्यायला एक रिटायर सुभेदार आले. मोपेड दारात लावून ओट्यावर टेकले. त्यांना माझा अर्ज पाठ होता. आई तिथेच शेंगा फोडत बसली होती. मी आईला एवढंच सांगितलं होतं, की पेन्शनीचे साहेब येणार आहेत, विचारतील त्याचं उत्तर दे. का, तर आयत्या वेळी काहीतरी सुचेल अशी मला आशा होती.

"आजी, तुमच्या मुलाला लढाईत कशानं लागलं?"

"लढाईत कुठलं, साहेब? लढाईत त्यो पोचलाच न्हाई. लॉरीतून पडला." सरकार आता ड्रायव्हरला धरणार असं तिला वाटलं असावं. ती घाईने पुढे म्हणाली, "त्या डायव्हरचा काय दोस न्हाई बरं का. ह्योच धांदरट. लहानपनी चिंचंवरून दोनदा पडलाय. इचारा गावात."

माझ्याविरुद्ध इतका भक्कम साक्षीदार शोधून सापडला नसता.

सुभेदारांनी पेनाला टोपण लावलं. "फौजी, कागदावर एकच जबाब बसतो. आधी तुम्ही घरात बोला. मी चहा घेतो." बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी सांगितलं, पण धड सांगता आलं नाही. पालथा पडलो तिथून सुरुवात केली, मध्येच कारकुनावर गेलो, मग तारेवर, मग परत गोळ्यावर. आईचा शेंगा फोडणारा हात थांबला.

"मंजी तू पडला न्हाईस?"

"न्हाई."

"मी गाड्यांच्या पाया पडायची, तवा तू शेजारीच हुतास की."

"हुतो."

"तुज्या बायकूला म्हाईत हाय?"

"हाय."

"या साहेबांना बी?"

मी मान हलवली. एस.टी.तल्या पन्नास जणांचं सांगायची माझी छाती झाली नाही.

"मंजी मलाच न्हाई," आई म्हणाली.

"तुला काळजी नको म्हून, आई."

"काळजी करायचं काम माजं हुतं रं," ती म्हणाली. "त्ये तू कशापायी काढून घेतलंस?"

मला इतकी लाज वाटली, की हेडमास्तर त्या वेळी शंभर भाषणं करून गेले असते तरी चाललं असतं.

"कुठं लागलं?" तिने विचारलं.

मी हात मागे नेऊन दाखवलं. ती जागा ऐकून आजवर हसला नाही असा माणूस मला भेटला नव्हता. अर्ज वाचताना सुभेदारसुद्धा खोकले असतील. आई हसली नाही. तिने मला जवळ ओढलं आणि शेंगांच्या मातीने भरलेला हात पायजम्यावरून त्या जागेवर ठेवला.

"लई दुखलं हुतं का रं?"

अर्जात सगळे रकाने होते. तारीख, ठिकाण, पलटण, हत्यार. सगळे मी सुवाच्य अक्षरात भरले होते. पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. लॉरीतून पडलेल्याला विचारतं कोण? माझ्या तोंडात सवयीने 'न्हाई' आलंच होतं.

"व्हय, आई," मी म्हणालो. "लई दुखलं."

आणि मी रडलो. पांढऱ्या मिशा, कारखान्याचा खाकी शर्ट, समोर सुभेदार, आणि मी ओट्यावर बसून नाक ओढत होतो. सुभेदार मोपेडच्या टायरकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी पेन काढलं आणि आईचा जबाब लिहिला: मुलगा जखमी होऊन घरी आला, लंगडत होता, लॉरीतून पडल्याची हकिगत त्याने मला काळजी वाटू नये म्हणून सांगितली होती. त्यांनी तो वाचून दाखवला आणि शाईचा पॅड पुढे केला.

"दुखल्याचं कुठं हाय त्यात?" आईने विचारलं.

"आजी, त्याचा रकाना नसतो."

"मंग ऱ्हाऊ द्या. त्याच्याबिगर मी अंगठा द्यायची न्हाई."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि खाली उरलेल्या जागेत एक ओळ लिहिली: 'माझ्या मुलाला फार दुखले होते.' आईने ती त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतली, हात पदराला पुसला, आणि अंगठा पुढे केला.