माईकची शिट्टी

लासूर स्टेशनला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. लग्न असो की जयंती, हे आपले मशीनपाशी उभे, एक हात कायम बटणावर. माईकनं शिट्टी मारली की त्यांचा चेहरा असा पडायचा, जणू त्यांनीच भर मांडवात कुणाला शिवी हासडली. आणि त्यांच्या लेकीनं काय करावं? नेमकी तीच शिट्टी कला म्हणून धरली.

औरंगाबादच्या खोलीत बसून मी स्टीलच्या डब्यांत तारा आणि उजेड ओळखणारे सेन्सर जोडून वाद्यं बनवायचे. डब्यावर उजेड पडला की आवाज चढायचा, आवाज चढला की समोरचा बल्ब आणखी पेटायचा, आणि तो उजेड परत डब्यावर. त्यातून शिट्टी उठायची. हाताची सावली धरून मी तिला खाली आणायचे, वर न्यायचे. अण्णांनी हे एकदा ऐकावं, एवढ्यासाठीच मी तिथल्या एका सभागृहात कार्यक्रम घेतला. फोनवर 'कार्यक्रम आहे, या' इतकंच म्हटलं. बाकीच्यांची मला काडीचीही पर्वा नव्हती.

बाकीचे तरी कोण? निम्मे चहा-बटाटेवड्याला आलेले, निम्मे आपण आलोय हे दाखवायला. पाहुण्यांनी समई पेटवली आणि 'ध्वनी हा मौनाचा आरसा' असं काहीतरी ठोकून दिलं. त्याचा अर्थ त्यांना तरी माहीत असेल का, देव जाणे. मी अजून डब्याच्या वायरी सभागृहाच्या लाउडस्पीकरच्या मशीनला जोडतच होते, तर झब्बेवाल्या एका गृहस्थांनी डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली होती.

दिवे मालवले. बल्ब पेटला, बारीक शिट्टी उठली. मी सावलीसाठी हात उचलते न उचलते तोच तिसऱ्या रांगेतून अण्णा उठले, तरातरा भिंतीजवळच्या मशीनपाशी गेले आणि आवाज पार शून्यावर आणला. मग मला हातानं खूण केली, आता बोल.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. पाहुणे म्हणाले, काय विलक्षण कल्पना! संयोजकांनी तर मला बाजूला घेऊन 'त्या ज्येष्ठ कलाकारांना' पुढच्या वेळीही आणा म्हणून गळ घातली. असल्या लोकांपुढं डोकं तरी कुठं आपटावं?

बसस्टँडवर चहा घेताना अण्णा खुशीत होते. "ऐन वक्ताला धरली बघ. पब्लिकसमोर लाज गेली असती तुझी."

माझा संताप संताप झाला होता, रडूही येत होतं. म्हटलं, "अण्णा, ती शिट्टी मीच वाजवत होते. तोच कार्यक्रम होता."

त्यांनी कप खाली ठेवला.

"मंग आधी सांगायचं नाय का. मी हात लावला नसता."

"पण कशी वाटली?"

"ऐकली कुठं?" ते म्हणाले. "हातच आधी गेला."