माळवदावरची माती

लातूरहून उमरग्याकडे जाणाऱ्या एसटीत ती बाई मला अधूनमधून भेटे. नाव मी कधी विचारलं नाही. "काका, खिडकीला बसू द्या, माझं माहेर यायलंय," म्हणायची. माहेर म्हणजे भूकंपात भुईसपाट झालेलं गाव; आता तिथे नुसत्या बाभळी. त्या दिसल्या की ती डोक्यावरचा पदर खांद्यावर घेई, माहेरी लेकी घेतात तसा. मागे पडल्या की पुन्हा डोक्यावर.

एकदा म्हणाली, "बाळंतपणाला आले तवा घरावरचं माळवद गळत होतं. मीच आप्पाला म्हणले, अजून माती टाका. मी सासरी परतले अन् मागं भुई हालली, तीच माती त्यांच्या अंगावर आली."

मी त्याच भागातला गवंडी. गळलं की माती चढवा, हे आम्हीच घरोघर सांगत आलो. दगडमातीच्या भिंतींना तो भार पेलेल का, हे पाहिलं नाही. नंतर सगळा दोष भूकंपावर टाकून मोकळा झालो.

त्या दिवशी म्हणालो, "बाई, ते शहाणपण आम्हा गवंड्यांचं. तुम्ही आमचंच बोललात."

"मंग मी न्हाई?"

"न्हाई."

बाभळी दिसल्या तसा तिने पदर खांद्यावर घेतला. बाभळी मागे पडल्या, सासरचा फाटा आला, तरी पदर खांद्यावरच होता.