चौदा नंबरचा चर

वेंडी पास्कने एकतीस वर्षं लोकांच्या शेतांत चर खणले. इंग्लंडातल्या लिंकनशायरमध्ये शेतावर घरांची वसाहत उठायची असली की आधी आम्हा उत्खननवाल्यांना बोलावतात. तीस मीटर लांब, दोन मीटर रुंद चर ठिकठिकाणी मारायचे, खाली जुनं काही आहे का ते बघायचं आणि अहवाल द्यायचा. बहुतेक वेळा काही नसतं, आणि बिल्डरला तेच ऐकायचं असतं.

वेंडी गुराख्याची मुलगी, पदवी वगैरे काही नाही. दर चार महिन्यांनी नवं कंत्राट. गुडघे कामातून गेलेले. चरात उतरताना शिव्या द्यायची, पण सगळ्यांच्या आधी उतरायची.

थॉर्पबी गावच्या एका शेतात आम्ही नोव्हेंबरात होतो. तेरा चरांत सरी-वरंब्यांचे पट्टे तेवढे दिसले, सात-आठशे वर्षांपूर्वी बैलांच्या नांगराने पडलेले. चौदाव्यात, सरीच्या तळाशी, वेंडीला हाताएवढा लाल डाग दिसला. भाजलेली माती.

आमचा प्रमुख डॉमिनिक वरूनच म्हणाला, "कुणीतरी तण जाळलं असेल. फोटो काढ आणि बुजवायला सांग. उद्या अहवाल जायचाय."

"जमिनीत शिरून जाळलं का तण? सरी या डागाला कापून गेलीय, डॉमिनिक. म्हणजे हे शेताच्याही आधीचं. बुजवायचंच असेल तर कागदावर तू सही कर. माझी मिळणार नाही."

डॉमिनिकने सही केली नाही. तो फोन करायला गाडीकडे गेला. तेवढ्यात बिल्डरचा माणूस आला आणि त्याने जेसीबीवाल्या नेव्हिलला माती ढकलायची खूण केली.

"बाई, बाहेर या. मशीन चालू आहे," तो माणूस वेंडीला म्हणाला.

"चालू द्या की," म्हणत वेंडी चरातच बसली आणि तिने थर्मास उघडला. "माझी चहाची वेळ झालीय."

नेव्हिलने इंजिन बंद केलं. "खाली माणूस असताना मी मशीनची बादली हलवत नाही," असं त्या माणसाला सांगून तो चरापाशी आला. "अर्धा कप मिळेल का गं?"

तिथे बसूनच वेंडीने काउंटीच्या पुरातत्त्व अधिकारी गार्थबाईंना फोन लावला. आमच्या धंद्यात प्रमुखाला ओलांडून असा फोन कुणी करत नाही. मी म्हटलं, "नोकरी जाईल तुझी."

"दर चार महिन्यांनी जातेच. सवय झालीय."

गार्थबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, दहा मिनिटं बघत राहिल्या आणि चर रुंद करायला लावला. तिथे आम्ही अकरा आठवडे खणत होतो. तो लाल डाग धान्य वाळवायच्या भट्टीचा निघाला, आत करपलेले सातू. शेजारी चार घरांच्या खांबांचे खड्डे आणि मधून गल्ली. कुठल्याच दप्तरात नाव नसलेली वाडी, जिच्यावरून पुढे कुणीतरी नांगर फिरवला होता.

वसाहत झालीच, पण वाडीची जागा मोकळी सोडावी लागली. अहवालावर डॉमिनिकचं नाव आलं. वेंडीचं आभारांच्या यादीत, तेही चुकीच्या स्पेलिंगने. त्या कंपनीने तिला पुन्हा बोलावलं नाही. मला राग आला होता. ती म्हणाली, "माझं नाव काय करायचंय? त्यांना वाडी छापावी लागली ना?"

आता ती दुसऱ्या कंपनीकडे आहे, इथल्याच, इंग्लंडातल्या बोस्टनजवळच्या रस्त्याच्या कामावर. सोमवारी तिथल्या इंजिनिअरने विचारलं, अजून किती दिवस लावणार. "लागतील तेवढे," म्हणाली आणि गुडघ्यांना शिव्या देत खाली उतरली.