जाऊबाईले किट पहिले काऊन?

मैत्रिणींनो, आज मी माझ्या धाकट्या जावेवर लय जळली.

आमच्या घरी साडी असो का संक्रांतीचं वाण, पहिले मोठ्या सुनेले, म्हणजे मले. पण आशाताईनं गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची किट देल्ली तिले! मेथीच्या जुड्या बांधणं सोडून जाऊबाई न्हाणीघरात गेली, कडी लावली, स्वतःच काडीनं नमुना घेतला अन् हसत बाहेर आली.

अन् मी? याच तपासणीसाठी दवाखान्यात गेलती. टेबलावर झोपाले सांगितलं, तशी भेवानं तपासणी न करताच परत आली. तवापासून जिवाले घोर.

"मले काऊन नाई?" मी आशाताईवर भडकली. तिनं पिशवीतून दुसरी किट काढली. मी कडी लावली, अन् झालं बी!

आता सासूबाई फुगून बसल्या आहेत. म्हणतात, "या घरात मोठी कोण?"