आडोशाची भिंत

आमचा बुधवारा भागातला फ्लॅट जुना, सासरे कागद कारखान्यात नोकरीला होते तेव्हा घेतलेला. गेल्या वर्षी तो नव्याने करायचं ठरलं आणि मी सगळ्यात आधी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोट ठेवलं. ती पाडायची, ओटा हॉलकडे वळवायचा, मध्ये सहा जणांचं डायनिंग टेबल. मिस्त्रीने भिंत ठोकून पाहिली. "भाभी, इसपे कोई वजन नहीं. आधे दिन का काम है."

सासूबाईंचा मात्र सगळा भार त्या भिंतीवर होता. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्यासमोर घास खाल्ला नव्हता. आधी पुरुष, मग मुलं, मग भिंतीआड त्या. पाय पसरून, तिखटावर तेल ओतून, तीन-तीन भाकरी मनसोक्त खायच्या. सगळ्यात शेवटी मी. डाळीचा तळ आणि करपलेली भाकरी माझ्या वाट्याला, पोटुशी असतानासुद्धा. हे मी विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

"एवढी भिंत राहू दे ना वो बाई," त्या म्हणाल्या. "मले नाही जमत पुरुषांसमोर."

"आई, आता सगळीकडे सोबतच जेवतात," मी गोड आवाजात म्हणाले. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. घणाचा पहिला घाव बसला त्या दिवशी मी मिस्त्रीला आलं घालून चहा केला.

टेबल आलं. सासूबाईंनी "भूक नाही" म्हणत चार दिवस चहा-बिस्किटांवर काढले. जेवणार कुठे? ओट्यापाशी बसावं तर हॉलमधून सगळ्यांना दिसणार, खोलीत ताट न्यावं तर सासरे तिथेच पलंगावर. पाचव्या दिवशी त्यांचा चेहरा पार उतरला. मी खुर्ची ओढली, ताट वाढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. समोर सासरे. पदर पुढे ओढून त्या बसल्या. पहिले घास चोरटे होते, मग भुकेने लाज सोडली. दुसरी भाकरी संपली. तिसरी घेतली तेव्हा सासरे हातातला घास तसाच धरून बघत होते.

"अरे, इतकं खाती तू?" ते म्हणाले. "मले तं वाटे, चिमणीच्या मापानं खात अशीन. घरातलं पीठ इथं जाये तं!"

माझा नवरा हसला, मुलं हसली. मीही हसले, मोठ्याने. खरं सांगते, फार बरं वाटलं.

सासूबाईंनी ती भाकरी अजून मोडली नव्हती. डब्यात परत ठेवली आणि हात धुतले. तेव्हापासून त्या एकच खातात. ब्लाउज खांद्यावरून घसरतो आता. सासऱ्यांना वाटतं, वय झालं.

परवा एक नातेवाईक बाई घर बघून गेली. किती मोकळं वाटतं म्हणून तीन वेळा म्हणाली. ती गेल्यावर सासूबाई ओट्यापाशी आल्या. "बाई, निदान एखादा पडदा लावशीन का इथं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"पडद्याने सगळी शोभा जाईल, आई," मी म्हणाले आणि त्यांच्या वाटणीची एक भाकरी थापायला घेतली. पीठ हल्ली मी तेवढंच मळते.