उन्हातल्या कंदिलाचं चालान

काल बँकेत शाईच्या पॅडचा वास आला अन् मले चाळीस वर्षांआधीचं वर्ध्याचं कोर्ट आठवलं. गावातल्या आमच्या चौघांच्या भाजीच्या बैलगाड्यांवर शिपायानं कंदील पेटवला नाई म्हणून चालान केलं होतं, तेही सकाळी दहाले. वेळ चालानावरच लिहिली होती.

कोर्टातला बाबू एकेकापुढं पॅड सरकवे, ‘कबूल म्हणून अंगठा लाव अन् जाय.’ तिघांनी मुकाट लावला. मी चौथा, दुसरी शिकलेला. म्हटलं, ‘बाबूजी, दहा वाजता उन्हात तुमचा बाप कंदील लावते काय?’ बाबू साहेबाले विचारून आला अन् माझं चालान रद्द केलं.

त्या तिघांले मेंढरं म्हणत मी गावभर हसलो. चालानावरची ती वेळ तर मी घरीच वाचली होती. रांगेत त्यांच्या मागं उभा राहून त्यांले मात्र एक शब्द सांगितला नाई. आता थुंकावंसं वाटते ते माझ्यावरच.